नॉव्हेल वाचल्यापासून ॲनिमे ‘खोटा’ वाटतो, आणि बहीण माझ्यासोबत बघायला तयार नाही

पत्राचा सारांश: चोविशीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. तो आणि त्याची धाकटी बहीण मिळून ‘द अपोथेकरी डायरीज’ हा ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) बघायचे. पहिला सीझन संपल्यावर त्याला थांबवेना म्हणून त्याने मांगा (जपानी कॉमिक) उघडला, तर एकाच गोष्टीचे दोन वेगवेगळे मांगा निघाले. मग लाइट नॉव्हेल (अधूनमधून चित्रं असलेली छापील कादंबरी) सापडली, मग कळलं की त्याच्याही आधीची, इंटरनेटवर लिहिलेली वेब नॉव्हेल आहे. प्रत्येक वेळी तो पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतो, कारण मधूनच सुरू केलं तर काहीतरी सुटेल अशी भीती. कुठला एपिसोड म्हणजे कुठला चॅप्टर याची एक्सेल शीट केलीये, चारही गोष्टी अर्धवट आहेत आणि मजा कशातच येत नाहीये. दुसरा सीझन बघताना तो सारखं ‘नॉव्हेलमध्ये हे असं नव्हतं’ म्हणायला लागला, बहीण वैतागली आणि आता एकटीच बघते. त्याचे प्रश्न असे: खरी गोष्ट कुठली? क्रम कुठला बरोबर? दोन मांगांपैकी कुठला धरू? आणि बहिणीने सगळं नीट पहिल्यापासून वाचावं म्हणून तिला नॉव्हेलचा पहिला व्हॉल्यूम भेट देऊ का? शेवटी लिहिलंय, ‘ताई, मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.’

अरे, मग अरे-तुरेच करते.

तुझं पत्र बरंच मोठं आहे, त्यात व्हॉल्यूमचे नंबर आहेत, चॅप्टरचे नंबर आहेत, कुठला सीन कुठल्या मांगात आधी येतो हेही आहे, पण गोष्टीची नायिका माओमाओ तुला का आवडते याबद्दल एक ओळ नाही. विष चाखायला मिळालं की जिची कळी खुलते अशी मुलगी, आणि तिच्याबद्दल तुला काहीच बोलावंसं वाटलं नाही? टोमणा मारत नाहीये. मला खरंच वाटतं की तुझी गाडी तिथे अडलीये, क्रमाबिमाचं नंतर.

तू डोक्यात एक उतरण धरून बसलायस. सगळ्यात वर वेब नॉव्हेल, ती सगळ्यात शुद्ध, तिच्याखाली लाइट नॉव्हेल, तिच्याखाली मांगा आणि तळाला ॲनिमे, आणि प्रत्येक पायरीला थोडं थोडं गळत जातं. म्हणून तुला वाटतं की बहीण बिचारी तळाशी उभी आहे आणि तिला वर ओढणं हे तुझं काम. पण ही गोष्ट तशी बनलेलीच नाहीये रे. नात्सु ह्यूगा यांनी ती २०११ मध्ये ‘शोसेत्सुका नि नारो’ या जपानी साइटवर लिहायला घेतली, २०१४ पासून ती हीरो बुंकोमध्ये चित्रांसकट लाइट नॉव्हेल म्हणून यायला लागली, आणि मग २०१७ मध्ये, एकाच वर्षी, दोन वेगळ्या प्रकाशकांकडे दोन वेगळ्या चित्रकारांचे मांगा सुरू झाले, एक स्क्वेअर एनिक्सच्या बिग गांगानमध्ये आणि एक शोगाकुकानच्या संडे जीएक्समध्ये. ॲनिमे आला ऑक्टोबर २०२३ ला. आता बघ, दोन्ही मांगा नॉव्हेलवरून आणि ॲनिमेही नॉव्हेलवरूनच. म्हणजे मांगा ही मधली पायरी नाहीच, ही सगळी एका आजीची नातवंडं आहेत, एकमेकांची चुलत भावंडं, आणि चुलत भावाचं नाक आपल्यासारखं नाही म्हणून त्याला कोणी खोटा म्हणत नाही.

बरं, वेब नॉव्हेल म्हणजे शुद्ध मूळ, हेही एकदा तपासून बघ. वेबवर लेखक एकटा असतो, संपादक नसतो, सुचेल तसं तो टाकत जातो, आणि पुस्तक छापायची वेळ आली की बरेचदा स्वतःच ते पुन्हा लिहितो. ‘ओव्हरलॉर्ड’ २०१० मध्ये वेबवर सुरू झाली तेव्हा त्यात अल्बेडो हे पात्रच नव्हतं! २०१२ पासून लाइट नॉव्हेल आली त्यात ती आली, आणि आज अल्बेडोशिवाय ओव्हरलॉर्ड कोणी डोळ्यासमोर आणूच शकत नाही. आता तुझ्या हिशोबाने ती खोटी ठरते, आणि खोटी ठरवणार कोण, तर तू, लेखकाने स्वतः घातलेलं पात्र.

तारखेवर जावं तर तिथेही घोळ आहे. ‘इव्हँजेलियन’चा मांगा १९९४ च्या अगदी शेवटी मासिकात सुरू झाला आणि टीव्हीवर ॲनिमे आला ऑक्टोबर १९९५ ला, म्हणजे वयाने मांगा मोठा, पण मूळ काम ॲनिमेचंच, मांगा त्याला जोडून काढलेला, तोही ॲनिमेच्याच कॅरेक्टर डिझायनरने. आणि ॲनिमेचे २६ एपिसोड मार्च १९९६ ला संपले, मांगा संपायला २०१३ उजाडलं. आधी काय आलं हा एक प्रश्न, मूळ काय हा दुसरा आणि आज रात्री मी काय वाचू हा तिसरा, आणि तू पहिल्या दोघांची उत्तरं शोधत बसलायस तोपर्यंत तिसरा तसाच राहिलाय.

मग क्रमाला काहीच अर्थ नाही का? आहे की. काही वेळा मागे जावंच लागतं, फक्त प्रत्येक वेळी नाही, आणि ते ओळखायचा एक सोपा भागाकार आहे जो तुझ्या एक्सेलपेक्षा जास्त कामाचा आहे. ॲनिमेचे एपिसोड घे आणि त्यात मूळचे किती व्हॉल्यूम संपले त्याने भाग. अपोथेकरीचे दोन सीझन मिळून ४८ एपिसोड आहेत आणि त्यात लाइट नॉव्हेलचे पहिले ४ व्हॉल्यूम येतात. म्हणजे एका पुस्तकाला १२ एपिसोड! इतका ऐसपैस वेळ फार कमी नॉव्हेलना मिळतो. ‘नो गेम नो लाइफ’ बघ, २०१४ चा ॲनिमे, १२ एपिसोडमध्ये ३ व्हॉल्यूम, म्हणजे एकाला ४, आणि तिथे पात्रांच्या डोक्यात चाललेली गणितं, डाव कसा रचला त्याचं स्पष्टीकरण, हे सगळं पळत पळत उरकावं लागतं. (आणि तिथे दुसरा सीझन आलाच नाही, २०१७ ला सिनेमा आला तो सहाव्या व्हॉल्यूमवरचा, म्हणजे त्या ॲनिमेच्या फार पूर्वीची गोष्ट. त्यामुळे पुढे काय झालं हे ज्यांना हवंय त्यांना पुस्तकाशिवाय गत्यंतर नाही.)

मांगासाठी हाच भागाकार चालतो पण आकडे वेगळे, कारण मांगाच्या एका व्हॉल्यूममध्ये नॉव्हेलइतका ऐवज नसतो. ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’ने २७ व्हॉल्यूमचा मांगा ६४ एपिसोडमध्ये बसवला, म्हणजे एकाला साधारण अडीच, आणि तो ॲनिमे बघून कोणाला फारसं काही राहिल्यासारखं वाटत नाही. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’च्या पहिल्या सीझनचंही जवळपास तसंच, १२ एपिसोड आणि पाचव्या व्हॉल्यूमपर्यंतची गोष्ट. आणि मग २०२१ चा दुसरा सीझन, ११ एपिसोड, आणि त्यात उरलेली सगळी गोष्ट, मांगा एकूण २० व्हॉल्यूमचा आहे, म्हणजे एका व्हॉल्यूमला एक एपिसोडसुद्धा नाही. गोल्डी पाँडचा अख्खा भागच गायब. ‘टोक्यो घूल: री’चं तेच, १६ व्हॉल्यूम आणि २४ एपिसोड. माझ्या मते दोनाच्या खाली गेलं की सावध व्हावं आणि एकाच्या आसपास आलं की सरळ मांगा उचलावा.

आता यातून तुझ्यासारख्या सगळ्यांना लागू पडेल असं काय निघतं ते ऐक. भागाकार चांगला आला असेल तर ॲनिमे जिथे थांबला त्याच्या पुढच्या व्हॉल्यूमपासून वाचायला काहीच हरकत नाही, तुझ्या बाबतीत पाचव्यापासून. भागाकार बिघडला असेल तर मागे जा, पण तेही बिघडला तिथपर्यंतच. प्रॉमिस्ड नेव्हरलँडचा पहिला सीझन बघितलेल्याने पाचवा व्हॉल्यूम उघडावा, पहिले चार पुन्हा वाचायची सक्ती कोणी केलेली नाही. आणि एक तिसरा प्रकार असतो जिथे भागाकार चालतच नाही, कारण ॲनिमेने वेगळीच वाट धरलेली असते. २००३ चा पहिला फुलमेटल अल्केमिस्ट तसा. मांगा तेव्हा संपायला बरीच वर्षं होती (तो संपला २०१० ला), त्यामुळे ५१ एपिसोडच्या त्या ॲनिमेने मधूनच आपला रस्ता बदलला आणि आपला वेगळा शेवट केला. अशा ठिकाणी आधी एक पूर्ण संपवावं आणि मग दुसरं अगदी पहिल्यापासून घ्यावं, कारण मधून शिरलास तर कोण मेलंय आणि कोण जिवंत आहे याचाच पत्ता लागणार नाही. म्हणजे पहिल्यापासून सुरू करायची तुझी सवय अगदीच वेडेपणाची नाही, ती फक्त जिथे नको तिथेही चालू आहे. आणि मला विचारशील तर त्या २००३ च्या ॲनिमेचा शेवट मला जास्त लागतो, मांगाशी जुळत नाही म्हणून तो चुकीचा म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.

फिलर, म्हणजे मूळ गोष्टीत नसलेले भरतीचे एपिसोड, बघू की गाळू असं विचारणाऱ्यांसाठी दोन शब्द. ‘नारुतो’सारखा दर आठवड्याला चालणारा ॲनिमे मांगाच्या मागे येऊन पोचतो आणि मग मांगा पुढे सरकेपर्यंत वेळ काढतो, पहिल्या मालिकेच्या २२० पैकी शेवटचे ८० च्या वर एपिसोड बहुतेक असेच गेले. ते गाळले तर गोष्टीचं काही अडत नाही. पण सिनेमा दिसला की तो साइड स्टोरी समजून सोडायचा, असं करू नका, ‘डीमन स्लेअर’चा २०२० चा मुगेन ट्रेन हा सिनेमा मुख्य गोष्टीचाच भाग आहे, नंतर २०२१ मध्ये त्याचे ७ एपिसोड करून टीव्हीवरही दाखवला, त्यामुळे दोन्हीपैकी एक बघितलं तरी पुरे, पण दोन्ही सोडले तर पुढच्या सीझनमध्ये रेंगोकू या पात्राचं नाव निघालं की गप्प बसावं लागेल.

आता ‘नॉव्हेलमध्ये हे असं नव्हतं’ या तुझ्या वाक्याकडे येते. हे वाक्य तू तक्रार म्हणून बोलतोस, पण तीच सगळ्यात मजेची जागा असते. ‘हारुही सुझुमिया’मध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीचे शेवटचे दिवस पुन्हा पुन्हा येतात, हजारो वेळा, आणि एकीशिवाय कोणाला आठवत नाही, अशी एक छोटी गोष्ट आहे. पुस्तकात फक्त शेवटची फेरी सांगितलीये, वाचून होते पण लवकर. २००९ मध्ये ॲनिमेने तीच गोष्ट सलग ८ एपिसोड दाखवली, दर आठवड्याला तेच दिवस, तेच प्रसंग, कपडे वेगळे, कॅमेरा वेगळा, बाकी सगळं तेच. लोक भयंकर चिडले. मी चिडले नाही, मला ते धाडसाचं वाटलं (माझ्या बाजूने फार लोक नाहीत, माहितीये), कारण पुस्तकात वाचक चार पानं उलटून पुढे पळतो, तिथे मात्र त्याला आठवडाभर थांबून पुन्हा तिथेच यावं लागलं, आणि ज्या एका पात्राला प्रत्येक फेरी आठवत होती तिचं काय होत असेल हे तेव्हा कुठे अंगावर आलं. आणि क्रमाची तुला एवढी चिंता ना, तर त्याच ॲनिमेचे २००६ चे एपिसोड मुद्दाम उलटसुलट क्रमाने दाखवले होते. आणि ‘स्वॉर्ड आर्ट ऑनलाइन’च्या पहिल्या पुस्तकात गोष्ट सुरुवातीवरून एकदम दोन वर्षं पुढे उडी मारते आणि मधले प्रसंग नंतरच्या पुस्तकांतून येतात, ॲनिमेने ते सगळं काळानुसार लावून दाखवलं. बरोबर क्रम कुठला म्हणायचा, लेखकाने लिहिला तो की घडलं तो?

म्हणून फरक दिसला की ‘हे का बदललं’ असा विचार करून बघ, ‘हे बदललं’ एवढ्यावर थांबू नकोस. माओमाओ मनातल्या मनात कोणाकोणाला काय काय नावं ठेवते हे नॉव्हेलमध्ये मनसोक्त वाचायला मिळतं, मांगात तेच एका वाकड्या चेहऱ्यात येतं आणि तिथे हवा तेवढा वेळ थांबता येतं, आणि ॲनिमेमध्ये आओई यूकीचा आवाज आहे, विष समोर आल्यावर तो आवाज कसा लाडात येतो ते कुठल्याही पानावर छापता येणार नाही. आज तुला यातलं काय हवंय ते ठरव आणि तेच उघड. एका वेळी एकच. दुसरं उघडायचं तर काहीतरी नेमकं हवं असेल तेव्हा, अमुक प्रसंगात ती काय विचार करत होती असं काहीतरी. ‘पूर्ण व्हायला पाहिजे’ हे कारण धरू नकोस, ते कधीच पूर्ण होत नाही, नॉव्हेल अजून चालूच आहे.

आता बहीण.

एक गोष्ट नीट बघ, तिने ॲनिमे सोडलेला नाही, तुझ्या शेजारून उठून गेलीये. म्हणजे तिला गोष्टीत काही कमी पडत नाहीये. तुला वाटतं तिचं काहीतरी सुटतंय, पण तिने तसं कधी म्हटलंय का? पत्रात तरी दिसलं नाही. आणि ही रहस्यकथा आहे रे, कोणी केलं, कसं केलं, कुठल्या वनस्पतीने केलं याचा अंदाज बांधण्यातच अर्धी मजा आहे, आणि तुझ्याकडे सगळी उत्तरं आहेत. तू म्हणतोस की मी स्पॉइलर देत नाही, फक्त ‘इथे नीट बघ हां’ म्हणतो. अरे देवा. तोच तर सगळ्यात मोठा स्पॉइलर! त्या क्षणापर्यंत तिच्यासाठी सगळ्या वस्तू सारख्या होत्या, तू एका वस्तूवर बोट ठेवलंस. आणि तुला वाटत असेल की मी गप्प बसलो तर झालं, तर तेही तितकं सोपं नाही, धाकट्या बहिणींना मोठ्या भावाचा चेहरा पाठ असतो.

तर आधी तिला सॉरी म्हण, साधं, ‘मी सारखी मध्ये बडबड करत होतो, तुझी मजा घालवली’, एवढंच, त्याला जोडून ‘पण नॉव्हेलमध्ये खरंच’ असं काही नको. मग ती हो म्हणाली तर पुन्हा सोबत बस आणि तिचे अंदाज ऐक. चुकीचे असतील तरी ऐक, चुकीचे असतील तर जास्त ऐक, कारण तुला उत्तर माहिती असताना दुसरा माणूस त्याच्यापर्यंत कसा पोचतो किंवा कुठे घसरतो हे बघायला मिळणं, हे पुढचं वाचल्याचा एकमेव खरा फायदा आहे. आणि नव्या भागासाठी एक नियम स्वतःलाच घालून घे, रहस्याची गोष्ट असेल तर आधी तिच्यासोबत एपिसोड आणि नंतर त्याच भागाचं पुस्तक. उलटं वाचण्यात काही जात नाही, उत्तर माहिती झाल्यावर नॉव्हेल वाचलीस की लेखिकेने धागा किती आधीपासून सोडून ठेवला होता ते दिसतं आणि ती वेगळीच गंमत आहे. मारामारीच्या, प्रवासाच्या गोष्टी असतील तर वाच बाबा पुढे हवं तेवढं, तिथे एवढं नुकसान नसतं.

तुला स्वतःवर भरवसा नसेल (पत्रावरून मलाही फारसा वाटत नाही) तर दोघांनी मिळून एखादा ओरिजिनल ॲनिमे घ्या, म्हणजे ज्याच्या मागे मांगाही नाही आणि नॉव्हेलही नाही. तिथे तुला पुढे पळायला जागाच नाही. आणि ज्या वाचकांची बाजू उलटी आहे, म्हणजे वाचून आलेला माणूस शेजारी बसतोय आणि सोसवत नाहीये, त्यांनी मनात कुढत बसण्यापेक्षा एपिसोड सुरू व्हायच्या आधीच सांगावं, मध्ये बोलू नकोस, संपल्यावर दहा मिनिटं तुझी. त्या माणसाचाही जीव भांड्यात पडतो, त्याला बोलायचं तर असतंच.

एक्सेल ठेव, पण एकच कॉलम ठेव, कुठला सीझन कुठल्या व्हॉल्यूमला थांबला. तो दुसऱ्यांनाही उपयोगी पडेल. बाकीचे कॉलम म्हणजे तू स्वतःलाच दिलेला गृहपाठ आहे आणि तपासणारं कोणी नाही.

दोन मांगांचं म्हणशील तर दोन्हीचे पहिले एकदोन चॅप्टर शेजारी शेजारी ठेवून वाच आणि ज्यातला चेहरा तुला माओमाओचा वाटेल तो ठेव, दुसरा सोड. गोष्ट एकच आहे, दोन्ही सोबत चालवायचं काही कारण नाही. वेब नॉव्हेल सध्या बंद कर, ती राहू दे, पुढेमागे कधी लेखिकेने काय बदललं असं कुतूहल वाटलं तर आहेच.

आणि पहिला व्हॉल्यूम भेट देऊ नकोस. तुझ्या मनात ती भेट आहे, तिला ती ‘तू बघितलंस ते पुरेसं नाही’ अशीच वाटणार. तिने स्वतःहून मागितला तर दे, आणि तेव्हाही कुठून सुरू करायचं ते तिला ठरवू दे. ती पाचव्यापासून म्हणाली तर पाचवा दे, आणि देताना काही बोलू नकोस.